कोरडं लाकूड

सन एकोणीसशे पस्तीस. मी पंधरा वर्षाचा. वाशीमच्या इंग्रजी शाळेत, विज्ञानाच्या खोलीत, पोरायनं हातात हात धरून गोल केला होता. आणि त्या गोलात मले घ्यासाठी लाकडाच्या पट्ट्या शोधून राह्यले होते.

दोन पट्ट्या. एक डाव्या बाजूले, एक उजव्या. मी महाराचा. माह्या हाताले हात कोण लावंल?

मी भिंतीपाशी उभा होतो. राग आला नव्हता. लाज वाटली म्हणावं, त तेही नाही. हिवाळ्यात नदीच्या पाण्यात हात घालून ठेवला की बोटं आपली वाटत नाहीत, तसं सगळं आंग झालं होतं.

नीट सांगाचं त थोडं मांगून सांगा लागते.

माहा बा रिठद गावचा. वाशीमले एका जिनात, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्यात, कापूस ओढाचं काम करे. माय गावी. मी आणि बा जिनाच्या मांगं झोपडीत राहत होतो. मले उशिरा शाळेत घातलं, म्हणून पंधराव्या वर्षी इंग्रजी तिसरीत होतो. त्यापुढं मी शिकलो नाही. हे आताच सांगून टाकतो, म्हंजे शेवटी मी कोणी मोठा साहेब झालो असंल अशी वाट कोणी पाहू नये. जन्मभर मीबी बोजेच उचलले.

त्या वर्षी शाळेत विज्ञानाची नवी खोली झाली. टेबल आलं, काचेच्या नळ्या आल्या, तराजू आला. नवे मास्तर आले. नागपूरले शिकलेले, बारीक आवाजाचे, चष्म्याचे. मारत नव्हते. त्यायनं दारावर पुठ्ठा लावला, सुरेख अक्षरात नियम लिहून. हजेरी टेबलापाशी, प्रयोगाच्या वक्ताले. प्रयोग प्रत्येकानं आपल्या हातानं कराचा. मंग घरी जाऊन वहीत लिहाचा, आणि जे सोता केलं, सोता पाह्यलं, तेच लिहाचं. एक जरी प्रयोग राह्यला तरी वार्षिक परीक्षेले बसता येणार नाही.

मले तो पुठ्ठा लय आवडे. त्यात "प्रत्येकानं" असं लिहिलं होतं. प्रत्येकानं म्हंजे मीबी.

माह्यासाठी मास्तरायनं वेगळी नळी ठेवली होती. तोंडाशी टवका उडालेली. ती खिडकीत राहे, बाहेरच्या बाजूनं. मी व्हरांड्यात बसून प्रयोग करो. हजेरीले दारात येऊन "हजर" म्हणो. मले त्यात काही कमी वाटे नाही. खरं सांगतो. उलट वाटे, पाह्य, बाकीचे पोरं एका नळीसाठी भांडतात, आपल्याले एकट्याची भेटली. अपमान हा अपमान हाय, हेबी माणसाले शिका लागते. तेव्हा मी ते शिकलो नव्हतो.

मंग विजेचा पाठ आला.

मास्तरायनं एक पेटी आणली. आत मसाल्याचे सेल, वरतं खटका. पेटीतून दोन तारा निघाल्या होत्या आणि तारायच्या टोकाले पितळेच्या दोन मुठी. खटका फिरोला की आत भुंगा कोंडल्यावाणी आवाज येई. पोरायनं हात धरून साखळी कराची. पह्यल्यानं एक मूठ धराची, शेवटच्यानं दुसरी. मंग वीज सगळ्यायच्या आंगातून जाते आणि सगळ्यायले एकदम झटका बसते. असा तो प्रयोग.

आता हा प्रयोग व्हरांड्यात बसून कसा कराचा? याले वेगळी नळी कुठून आणाची? मास्तरायनं मले आत बोलावलं.

"नियम म्हणजे नियम. तूही ये साखळीत."

मी आत गेलो. त्या खोलीत पह्यल्यांदा. फरशी गार होती.

वर्गात रहीम नावाचा पोरगा होता. मंगरूळपीरच्या कापडवाल्याचा, वाशीमले मामाकडं राहून शिके. त्यानं माहा डावा हात धरला. काही इचार न करता धरला. त्याचा तळहात घामानं ओला होता.

रहीमच्या पलीकडं देशमुखाचा बाळा. त्यानं रहीमचा हात झटकून देल्ला.

"तू त्याले धरलं त मी तुले धरत नाही. सांगून ठेवतो."

"अबे पकड न यार. काय होते?" रहीम हासला.

"काय होते म्हंते! तुह्यातून माह्यात येते न!" मंग तो मास्तराकडं वळला. "सर, वीज जाते तसा इटाळबी जाते का हो सगळ्यायच्या आंगातून?"

वर्ग हासला. मास्तर नाही हासले. त्यायनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मले वाटलं, आता हे बोलतीन. शिकलेला माणूस हाय.

"शास्त्रात याबद्दल काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "पण उद्या तुमच्या घरचे मला विचारायला येतील. मध्ये लाकूड धरा. कोरडं. कोरड्या लाकडाला दोष नाही."

रहीमनं माहा हात सोडला. सावकाश सोडला. हे मी त्याच्या बाजूनं सांगतो, का त्यानं सावकाश सोडला.

मंग त्या पट्ट्या आल्या. वहीत रेघा आखाच्या. एका पट्टीचं एक टोक रहीमच्या हातात, दुसरं माह्या. दुसऱ्या पट्टीचं एक टोक माह्या हातात, दुसरं एका वाण्याच्या पोराच्या. तेव्हा कुठं बाळानं रहीमचा हात धरला. मास्तरायनं टोकाच्या दोघायजवळ पितळी मुठी देल्ल्या. खटका फिरोला. भुंगा वाजला.

काहीच झालं नाही.

आदल्याच दिवशी आमाले घरचा अभ्यास होता. वीज कशातून जाते, कशातून जात नाही. तांबं, पितळ, लोखंड, माणसाचं आंग, यातून जाते. काच, रबर, मेण, कोरडं लाकूड, यातून जात नाही. सगळ्यायनं लिहून आणलं होतं. मास्तरायनं सगळ्यायच्या वह्या तपासून लाल खुणा केल्या होत्या. म्हंजे त्या खोलीत एकही जण असा नव्हता का ज्याले ठावं नव्हतं.

"याच्यापाशी अडली, सर," बाळा म्हणाला.

"महाराच्या आंगातून वीजबी जात नाही बे!" मांगून कोणी तरी.

"गेली असती त तिलेबी आंघोळ करा लागली असती!"

पोरं पोट धरून हासले. साखळीतले हात सुटले, पुन्हा धरले.

मी मास्तराकडं पाह्यलं. त्यायनं माह्याकडं पाह्यलं नाही. पट्ट्यायकडं पाह्यलं. जरासंच. त्यायच्या तोंडावर ते दिसलं, का त्यायले समजलं हाय. मंग ते म्हणाले, "तू बाजूला हो. प्रयोग होऊ दे."

मी बाजूले झालो.

रहीमनं आणि वाण्याच्या पोरानं हात धरले. खटका. सगळे पोरं एकदम उडाले, ओरडले, हासले. रहीमबी. मास्तरबी. मंग मास्तरायनं टेबलावरची हजेरी उघडून नावं वाचली. माह्यं नाव आलं. मी म्हटलं, "हजर."

"साखळीत नव्हतास," ते म्हणाले, आणि पुढचं नाव वाचलं.

शाळा सुटली. पोरं गेले. मास्तरायनं मले दारात थांबोलं. आवाज मऊ केला.

"तुझा हा एक प्रयोग राहिला तर तुला परीक्षेला बसता येणार नाही. नियम आहे. तू असं कर. घरी वहीत लिही, मी साखळीत होतो, मला झटका बसला. उद्या सकाळी आण. मी आजची हजेरी लावून टाकतो."

"पण सर, बसला नाही."

"कोणाला कळणार आहे? सगळे एकसारखंच लिहितात." मंग म्हणाले, "तुझ्या भल्याचं सांगतो आहे."

मी म्हटलं, "हो सर."

आणि घरी जाताना मले तो माणूस चांगला वाटला. हेबी सांगतो. रस्ताभर मले वाटलं, आपल्यावर उपकार केला.

झोपडीत आलो. उजेड होता तवर वही काढली. "मी साखळीत" इतकं लिहिलं. पुढं हात चालेना. दुखत नव्हता. नुसता चालेना. डावा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कोणाचा असल्यावाणी.

बा आला. भुवयावर, कानात, मिशीत कापसाचे तंतू. तोंड धुतलं तरी निंगत नसत. चूल पेटोली, भाकरी टाकली. मी त्याले सगळं सांगितलं. पट्ट्या सांगितल्या, हासले ते सांगितलं, मास्तर काय म्हणाले ते सांगितलं. त्यानं आयकता आयकता भाकर उलटली.

"मंग लिह्य न," तो म्हणाला.

"खोटं हाय बा."

"खोटं हाय त हाय. तुले काय जड हाय? झटका बसला म्हणा. कोन येते पाहाले?"

"मले नाही बसला."

"अरे, जिनात तपासाले सायब येते. मले इचारते, काय रे, पानी-बिनी भेटते का तुमाले? मी म्हणतो, भेटते सायब. भेटते का? नाही भेटत. मुकादम बाजूलेच उभा असते. सायब म्हणते, मारत-बिरत त नाही? मी म्हणतो, नाही सायब. आता म्हटल्यानं माह्यं काय झिजलं? तू परीक्षेले बस. पास हो. मंग तुह्यं खरं सांगत बस जन्मभर."

मी बाच्या तोंडाकडं पाह्यलं. चुलीच्या जाळात ते तोंड सारं दिसत होतं. काय झिजलं ते मले दिसलं.

तेव्हा माह्या आंगात काही तरी हाललं. राग नव्हता तो. रागाले आंग लागते, माह्यं आंग कुठं होतं? फक्त इतकं समजलं का आज मी हे लिहिलं त उद्या दुसरं लिहीन. उद्या मास्तर म्हणतीन, लिही, मी वर्गात बसतो, मी लिहीन. परवा कोणी म्हणंल, लिही, मले पाणी भेटते. आणि एक दिवस मीबी भाकर उलटता उलटता माह्या पोराले सांगीन का माह्यं काय झिजलं.

पण परीक्षा? ती मले पाह्यजे होती. लय पाह्यजे होती. बा त कापूस खाऊन खाऊन खोकत होता, तो माह्या परीक्षेवरच जगून राह्यला होता.

मी वही मिटली. जेवलो. बा म्हणाला, "लिह्यलं का?"

"नाही."

"कायले हट्ट करतं बे? तुह्या हट्टाले कोन भीक घालते?"

"मी झटका बसल्याबिगर लिहीत नाही."

"आन् तो कोन देईन तुले? हात कोन धरीन तुहा?"

मी आडवा झालो. डोळ्यापुढं ती पेटी आणली. ते पोरं आणले, गोल आणला. मंग एकेक पोरगं त्या गोलातून काढत गेलो. बाळाले काढलं. वाण्याच्या पोराले काढलं. रहीमले काढलं. साखळीत माणसं कितीबी असू देत, मुठी दोनच. आणि मले हात दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनाचा भोंगा झाला, बा कामावर गेला, मी शाळेत गेलो. वही घरीच ठेवली. विज्ञानाच्या खोलीत पोरं जमले होते. पेटी टेबलावरच होती, कारण आमच्यामांगून दुसऱ्या वर्गाले तोच प्रयोग होता. मास्तर खुर्चीवर बसले होते. मले दारात पाहून त्यायनं हात पुढं केला.

"आणलीस वही?"

"नाही आणली, सर."

मी दारात थांबलो नाही. आत गेलो. मी पुढं होत गेलो तसतसे पोरं मांगं सरकत गेले. कोणी आडवं आलं नाही. आडवं याचं त मले शिवा लागलं असतं. टेबलापर्यंत सारा रस्ता मोकळा.

"अबे, कुठं चालला?" बाळा.

मी खटका फिरोला. भुंगा वाजाले लागला. एक मूठ उजव्या हातानं धरली. दुसरी डाव्या हातानं.

बोटापासून कोपरापर्यंत आग गेली, मंग खांद्यात, मंग छातीत. बोटं आपोआप मुठीवर आवळली. दातावर दात बसले. डोळ्यात पाणी आलं, ते रडणं नव्हतं. कालपासून पह्यल्यांदा माहे हात माहे वाटले.

मास्तर उठून उभे राह्यले. खुर्ची मांगं पडली.

"सोड! सोड ते! तुला कोणी परवानगी दिली?"

बोटं सुटत नव्हती. सुटली असती तरी मी सोडलं नसतं.

"झटका बसून राह्यला, सर," मी म्हटलं. "हजेरी लावा. मंग सोडतो."