आजीवरची हातगाडी

एका पावसाळ्यात रोग आला, आमची मेंढरं गेली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काठी ठेवून हातोडा घेतला. मुठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम तेव्हा चाललं होतं. आबा दगड फोडून रस्त्याकडेला डबराचे ढीग लावत. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. घरातला पहिला मॅट्रिक, म्हणून माझ्या हाती हातोडा द्यायला आबांना लाज वाटे आणि दुसरं काही द्यायला त्यांच्याकडे नव्हतं.

गावच्या शाळेवर दातार गुरुजी होते. पुण्याहून बदलून आलेले, एकटे. त्यांच्यापुढे तोंड उघडलं की आधी शब्द तपासला जाई आणि मग काम ऐकलं जाई. एकदा रस्त्याचा मुरूम घेऊन माणसं शाळेवरून गेली, तशी पोरं ओरडली, "गाडा आला, गडी आले!" गुरुजींनी गणित थांबवलं. "गाडा बैल ओढतो. माणूस ढकलतो ती हातगाडी. आणि ढकलणारा गडी नव्हे, माणूसच." मग फळ्यावर लिहून घेतलं. शब्द जागच्या जागी बसला की बाकीचं जग आपोआप बसतं, असं ते छातीठोक सांगत. त्यांच्या स्वतःच्या धोतराची गाठ मात्र कधी जागेवर बसली नाही. पण हे त्यांना सांगणार कोण?

रस्त्याच्या आखणीतच माझी आजी होती. आमच्यात पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचतात आणि मेंढरं घेऊन परतताना घरातला प्रत्येक जण त्यावर एकेक दगड ठेवतो. आजी जिवंतपणी ठेंगणी होती. गेल्यावर मात्र दरवर्षी वाढत छातीपर्यंत आली होती.

एका संध्याकाळी ओव्हरसियर साहेब घाईघाईत ढीग मोजून गेले. प्रत्येक ढिगावर चुन्याची खूण. आजीवरही. दुसऱ्या दिवशी मुकादम हसत आबांकडे आला. "भिवा, लई दांडगा ढीग लावलास की रं! तुज्याच नावावर चढवलाय सायबानं. सोमवारी उचलायचा."

"मुकादम, ती माजी आय हाय."

"आसंल. पर आता सरकारी डबर हाय."

आबा तडक गुरुजींकडे गेले. गुरुजींनी टाक उचलला आणि 'थडगे' असा शब्द घालून अर्ज लिहिला. तो घेऊन आम्ही तिघे तालुक्याच्या कचेरीत उभे राहिलो. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "थडगं म्हणजे मुसलमानाचं. तुम्ही तर भिवा. अर्ज चुकीचा."

गुरुजींनी तिथंच 'समाधी' लिहिलं.

"कुठल्या महाराजांची? उत्सव कधी असतो?"

"म्हाराज न्हाई सायेब," आबा म्हणाले, "मेंढरं राखायची."

"मग समाधी कशी?"

तिसऱ्यांदा 'दफनस्थान'. त्यावर कारकून उठूनच उभा राहिला. "दफन? परवानगी होती? कोणी पुरलं?"

"म्याच पुरली," आबांनी अभिमानानं सांगितलं. गुरुजींनी त्यांची बाही ओढून त्यांना बाहेर काढलं.

येताना गुरुजी म्हणाले, "भिवाजी, शब्द संपले हो."

"संपू द्या. पर ढीग माज्या नावावर हाय गुर्जी. उचलायला मलाच लावतील. आयच्या अंगावरचा दगड काढायच्या आधी ह्यो हात तोडून घीन म्या."

गुरुजींनी यातला एकही शब्द दुरुस्त केला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते कामावर हजर. बांधाला एक मोडकी हातगाडी पडून होती. सरकारी, म्हणून तिला कोणी हात लावत नसे. गुरुजींनी धोतर खोचलं, आम्ही तिघांनी ती उचलली आणि आजीवर नेऊन ठेवली. नवा अर्ज असा: 'सदर जागी शासकीय मालकीचे वाहन उभे असून ते हलविण्याबाबत आदेश व्हावा.' खाली काय आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

कचेरी कामाला लागली. वाहन म्हणजे काय? हातगाडी. सामानाच्या यादीत हातगाडी नव्हती, 'एकचाकी ढकलगाडी' होती. आमच्या गाडीला आस होता दोन चाकांचा. कोठीवाले म्हणाले, आमची नाही. बांधकामवाले म्हणाले, आमचीही नाही. मालक ठरेना, म्हणून आदेश निघेना. आणि आदेशाशिवाय सरकारी वस्तू हलवायची कोणाची छाती?

सोमवारी ओव्हरसियर आले. गाडी पाहून कपाळाला आठ्या. "ही कोणाची?"

"आपलीच," गुरुजी अदबीनं म्हणाले. "फक्त नाव निश्चित व्हायचं आहे."

पाऊस तोंडावर आला होता, मुरूम पडायलाच हवा होता. साहेब अर्जावर अर्ज वाचून कंटाळले. शेवटी त्यांनी चुन्याची आखणी पुसून डावीकडे सरकवली आणि रस्ता आजीला वळसा घालून गेला.

पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली. निरोप द्यायला आबा खांद्यावर घोंगडी टाकून गेले होते. म्हणाले, "गुर्जी, माज्या आयला वाचवलंत तुमी."

"वाचवलं नव्हे, भिवाजी. मृत व्यक्तीला वाचवता येत नाही. राखलं म्हणा."

"बरं, राखलं," आबा म्हणाले आणि त्यांच्या पाया पडले. गुरुजी धोतराची गाठ सावरत बराच वेळ भलतीकडेच बघत राहिले.

मी पुण्यात राहून बी.ए. झालो, आमच्या भावकीतला पहिला. रस्ता पुढे डांबरी झाला. वळण अजून आहे आणि माझी आजी जागची हललेली नाही.