तोडगा निघेपर्यंत चहा नाही

चहावर जिवापाड प्रेम करणारा आणि चहाला सर्वांत जास्त वेळा नाही म्हणणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. घरी काका पितळी पेल्यातून चहा पितात, डोळे मिटून, आणि पेला रिकामा होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा दंडक आहे. पण बोलणी चालू असतील तिथे समोरच्याच्या चहाला ते हात लावत नाहीत. कराडजवळच्या कोळशावरच्या वीज कारखान्यात ते बॉयलरवर होते. युनियनचे सेक्रेटरी झाले तेव्हापासूनचा हा नेम. बैठकीला निघताना काखेत मागण्यांची फाईल आणि हातात मावशीने भरून दिलेला थर्मास. साहेबांच्या टेबलावर साहेबांचा चहा गार व्हायचा आणि समोर काका स्वतःचा चहा फुर्रकन ओढत बसायचे. दोन-तीन साहेब तर नुसत्या त्या आवाजाला कंटाळून बदली मागून गेले, असं जुने कामगार सांगतात.

नेम कारखान्यापुरता राहिला असता तर घरच्यांची तक्रार नव्हती. कोरेगावला काकांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा आला आणि काकांनी कप बशीसकट लांब सारला. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. काका म्हणाले, "पोरगी झकास हाय. पन लग्नानंतर तिची नोकरी चालू ऱ्हानार का न्हाई, ते आधी ठरू द्या." हे विचारणारा माणूस मुलाकडून आलेला! नवऱ्या मुलाची आई टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय देत होती. शेवटी तिनेच कुरकुरत 'ऱ्हाईल' म्हटलं, तेव्हा काकांनी गार चहा एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला. मावशीचं म्हणणं, "ह्यांच्याशी भांडायचं म्हनलं तरी आधी नोटीस द्यावी लागती."

मी लहानपणी घडी घालायला शिकले ती काकांच्या पत्रकांची. त्यामुळे कंपनीने कोळसा बंद करून पठारावर पवनचक्क्या आणि खाली माळावर सौर पॅनेल लावायचं ठरवलं, तेव्हा बैठकीतली टिपणं घ्यायला काकांनी मलाच नेलं. कंपनीला अचानक निसर्गप्रेमाचं भरतं आलं होतं. राखेच्या ढिगावर वृक्षारोपण झालं, फोटो निघाले आणि संध्याकाळी रोपं टेम्पोत घालून नर्सरीत परत गेली. साहेबांनी भाषण केलं, "आपण सगळे एका हिरव्या प्रवासाला निघालो आहोत." काका उठून म्हणाले, "तिकीट कुनाकुनाचं काढलंय, साहेब?" त्यावर साहेब पाणी प्यायले. काकांचा पवनचक्कीला विरोध नव्हता. ते म्हणायचे, "वारा चांगलाच हाय. कोळसा काय असतो ते माझ्या छातीला इचारा. पन वारं आलं म्हनून मानसं का उडवायची?"

मग कंपनीने युनियनच्या कमिटीला चर्चेसाठी पाचगणीच्या हॉटेलात नेलं. सकाळी योगासनं, दुपारी सादरीकरण, मध्ये स्ट्रॉबेरी क्रीम. त्या गारठ्यात काका भाकरी-चटणी आणि थर्मास घेऊन लॉनच्या कडेला बसले. खजिनदार दुसरी वाटी चाटत म्हणाला, "घ्या की काका, क्रीमवर आपला ठराव न्हाई." काका म्हणाले, "खा गड्या. पन तोंडात क्रीम असताना मागनी कशी मांडनार, तेवढं दाखव." क्रीमचा परिणाम उतरतानाच्या घाटात दिसला. कंपनीचा देकार होता, कायम कामगारांना नव्या प्रकल्पाचं प्रशिक्षण, तोच पगार, तीच सेवाज्येष्ठता. ठेकेदाराकडच्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. राख उचलणारी माणसं सगळी ठेकेदाराकडची. कमिटी म्हणाली, आपलं झालं ना, सही करून टाकू.

"आनि शालन?" काकांनी विचारलं.

शालन राखेच्या खड्ड्यावर काम करायची. नवरा नाही, दोन पोरी शाळेत. बॉयलर विझला की तिचं काम त्याच दिवशी संपणार होतं. खजिनदार म्हणाला, "ती आपली मेंबरबी न्हाई." काका गाडीतून खाली उतरले, थर्मास काखेत मारला आणि घाट चालत उतरायला लागले. गाडी त्यांच्या मागून बैलगाडीच्या वेगाने पार वाईपर्यंत आली. तिथे कमिटीने नमतं घेतलं.

पुढे कितीतरी बैठका कोरड्या गेल्या. अखेरीला साहेब म्हणाले, "राखेवरची सगळी माणसं घेतो. प्रशिक्षण पूर्ण झालं की कायम. पण काका, तुम्ही नव्या प्रकल्पात नको. खूप कष्ट केलेत, आता विश्रांती घ्या." मला वाटलं, काका टेबल उलटं करतील. ते म्हणाले, "शालनचं नाव घालून लिवा." सह्या झाल्या. चहा आला, तोही हिरवा. सगळ्यांनी घेतला. काकांनी आपला रिकामा कप पालथा घातला. "सही झाली. कायम झाल्यावर तोडगा झाला म्हनायचं."

बॉयलर विझला तेव्हा शेवटच्या पाळीला काकाच होते. आता ते घरी असतात. मावशी चहा करते, ते पेला धरतात, पण पूर्वीसारखे डोळे मिटत नाहीत. एकदा मला घेऊन माळावरच्या सौर प्रकल्पाच्या फाटकाशी गेले. वॉचमनने आत सोडलं नाही. शालन हेल्मेट घालून धावत बाहेर आली, हातात कंपनीच्या कॅन्टीनचा चहा.

"घ्या काका. तुमच्यासाठी मुद्दाम साखर जास्त घालून आनलाय."

"कायम झालीस?"

"न्हाई अजून. ट्रेनिंग संपत आलंय."

काकांनी कप दोन्ही हातांत धरला. पॅनेलं उन्हात लखलखत होती, वर पठारावर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. ते बराच वेळ बघत उभे राहिले.

"आवं, गार झाला की," शालन म्हणाली.

काकांनी कप तिच्या हातात परत दिला.

"असू दे. कायम झालीस की ऊन करून दे."