झाकून ठेवलेली भाकर

काल दुपारी नात मोबाईलवर कुठल्याशा परेडचा व्हिडिओ बघत होती. बिगूल वाजला... आणि माझा हात आपोआप गॅसकडे गेला. भाजी अर्धी कच्ची, आणि मी गॅस बंद करून उभी!

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपास लग्न होऊन मी वाशीमच्या पोलीस लाइनीत आले. हे शिपाई होते. वाचायला मी पुढे माझी मीच शिकले, पण बिगूल त्याच्या आधी शिकले. पहाटेचा उठायचा, संध्याकाळचा हजेरीचा... आणि एक अवेळी वाजणारा, धोक्याचा. तो झाला की शिपाई हातातला घास टाकून मैदानाकडे पळत.

लाइनीतल्या बायकांची एक रीत होती. त्या वेळी ताटात उरलेली भाकर टाकायची नाही, दुसऱ्या कुणी खायची नाही. टोपलीखाली झाकायची. ज्याची त्यानंच परत येऊन खायची.

पहिल्यांदा तो बिगूल ऐकला तेव्हा हे जेवत होते. पट्टा कसत म्हणाले, "झाकून ठेव वं. आल्यावर खातो." मंगरूळकडच्या रानात दरोडेखोर शिरले होते. लॉरी निघून गेली आणि मी टोपलीपाशी बसून रडायला लागले.

शेजारच्या गंगाबाई दारातूनच ओरडल्या, "काहून रडून राह्यली? मांजरावर ध्यान ठेव आधी, भाकर घेऊन जाईन ते!"

मी टोपलीवर वरवंटा ठेवला आणि तिथंच बसून राहिले. लॉरीचा आवाज आला तरी दाराशी जायची हिंमत होत नव्हती. कोण उतरेल, कोण उतरणारच नाही...

हे आले ते दाढी वाढवून, चिखलानं भरून. लाकूड झालेली ती भाकर पाण्यात बुडवून खाल्ली. म्हणाले, "मीठ कमी हाय." मी हसता हसता रडले.

पुढे कितीदा तरी तो बिगूल झाला. दर वेळी मी भाकर झाकली, जीव मुठीत धरून बसले... आणि दर वेळी ह्यांनी ती येऊन संपवली.

मग एका पहाटे रोजचा, उठायचा बिगूल झाला. त्याला मी कधीच भ्याले नव्हते. चूल पेटवून हाक मारली, "उठा जी, बिगूल झाला"...

हे उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

आदल्या संध्याकाळी मात्र पोटभर जेवले होते, शांतपणे. टोपलीखाली काहीच उरलं नव्हतं... तेवढ्यासाठी मी आजही देवाला हात जोडते.