शिवा रडत नाही

"आजी, बाळाला खाली ठेवा आता. वजन घ्यायचंय मला."

"ठिवते की. पर रडंल त्ये."

"रडू दे. वजनकाट्यावर कोण हसतं का?"

"अन् डाक्टर म्हनले, रडू देऊ नका, त्ये?"

आजींनी नातू छातीशी आणखी घट्ट धरला. मी हात पुढे केला, त्या मागे सरकल्या. डिस्चार्जचा दिवस होता, मागे चार बाळं वजनासाठी थांबलेली, आणि ही बाई हलायला तयार नाही.

मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. कोंडा सिस्टर म्हणतात मला. आवाज मोठा आहे. आमच्या घरातच यंत्रमाग, त्या खडखडाटात बोलून बोलून अख्ख्या खानदानाचा आवाज असाच झालाय. पण त्या दिवशी आवाजाचा काही उपयोग झाला नाही. शेवटी आजींना बाळासकट काट्यावर उभं केलं, मग नुसतं आजींना, आणि वजाबाकी केली.

तर बाळाचं असं होतं. डॉक्टरांनी तपासताना त्याच्या छातीत मर्मर ऐकला होता. मर्मर म्हणजे ठोक्यांच्या मध्ये फुस्स असा जादा आवाज. इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला चांगलं मोठं छिद्र निघालं. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून नीट समजावलं. "आत्ता बाळ छान दिसतंय. पण काही आठवड्यांनी छिद्रातून जास्तीचं रक्त फुप्फुसात जायला लागेल, मग दूध पिताना दम लागेल. औषध चुकवू नका. वजन वाढलं की पुण्याला ऑपरेशन करू. सर्दी-खोकल्याच्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. आणि फार रडू देऊ नका, दमतं ते."

यातलं शेवटचं वाक्य आजींनी पदराला गाठ मारून नेलं.

बाळाची आई सारिका. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं पाळणारी वस्ती. आजी म्हणजे सारिकाची आई. मला खरी काळजी होती ती सासरची. हृदयाला छिद्र आहे ऐकून बाप जो जिना उतरतो, तो परत येतच नाही, असंही मी बघितलंय. सारिकाचा नवरा बिरू त्या दिवशी दुपारी आला. मी मुद्दाम जवळच घोटाळत राहिले. त्याने पिशवीतून एक घोंगडी काढली. रुमालाएवढी म्हणा ना, बाळापुरती, काळीभोर.

"आमच्याच मेंढरांची लोकर हाय," तो मला म्हणाला. "सणगराकडनं इणून घेतली. आमच्यात पयल्या लेकराला करत्यात."

"छिद्राचं कळलं ना तुम्हाला?"

"व्हय. बुजवतील की पुन्याला. लेकरू तर आमचंच हाय."

मला भरून आलं. मग नर्ससारखं वागले आणि सांगितलं, घोंगडी टोचेल, आत मऊ धोतराचं फडकं घाला.

हृदयाची बाळं घरी गेली की आम्ही दर आठवड्याला फोन करतो. पहिल्याच फोनवर आजी भेटल्या. बारसं झालं होतं. नाव शिवांश ठेवलेलं, आजींनी त्याचा शिवा करून टाकलेला.

"रडतो का फार?"

"रडाय देतोय कुटं आमी! समद्यांनी वाटून घेतलंय. सकाळी सारिका, मग माजी जाऊ, दुपारी शेजारची, सांजच्याला मेंढरं आली की ह्ये. व्हट वाकडा केला की कुनीतरी उचलतंयच."

मेंढरांना राखण असते, तशी वस्तीने पोराला राखण लावली होती. मला हसू आलं. चहाच्या वेळी मी सगळ्या वॉर्डाला ते सांगितलं. डॉक्टरसुद्धा म्हणाले, "वा, असे नातेवाईक पाहिजेत." पुढच्या फोनांनाही असंच. औषध चालू, सर्दी नाही, शिवा कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर.

मग एका फोनवर आजी म्हणाल्या, "आता तर रडायचंच इसरलंय बगा. आवाज म्हनून न्हाय. लई गुनाचं लेकरू."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"भूक लागली की रडतो ना?"

"भूक लागायच्या आदीच पाजतोय की आमी! चार घोट घेतंय अन् झोपतंय."

आता हे जरा समजून घ्या. तान्ह्या बाळाकडे दुसरं आहे काय? बोलता येत नाही, बोट दाखवता येत नाही. भुकेचं रडणं हे आमच्यासाठी मीटर असतं. जोरात रडून पोटभर प्यायलं, म्हणजे गाडी चालू आहे. आणि बाळासाठी दूध ओढणं म्हणजे ऊर फुटेस्तोवर केलेली मेहनत. हृदय थकलं की पहिली ती सुटते. इथे मागायच्या आधीच देत होते, त्यामुळे पोरगं मागेनासं झालंय हे कुणाला कळायलाच वाव नव्हता. ते गुणी नव्हतं. थकलं होतं.

"आजी, व्हिडिओ कॉल करते. बाळ दाखवा."

सारिकाने फोन धरला. शिवा घोंगडीत गुंडाळलेला, डोळे मिटलेले, कपाळ ओलं.

"घाम कसला हा?"

"घोंगडीनं असंल," सारिका म्हणाली.

"काढ ती. जरा वेळ उघडा राहू दे, मग माझ्यासमोर पाज."

तिने पाजलं. चार घोट घेतले, सोडलं, धापा टाकायला लागला. घोंगडी बाजूला पडलेली, वर पंखा, आणि कपाळावर घामाचे थेंब तसेच. "छाती दाखव," म्हटलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"सारिका, निघा. आत्ताच्या आत्ता गाडी करा."

मागून आजी म्हणाल्या, "आवो पर रडला बी न्हाय, मग कशापायी?"

"अय्यो आजी, म्हणूनच!"

इतक्या मोठ्याने ओरडले की वॉर्डातली तीन बाळं जागी झाली.

ते आले तेव्हा शिवाचं वजन घरी जाताना होतं त्यापेक्षा जेमतेम वाढलेलं. फुप्फुसं ओली झाली होती. लगेच ऑक्सिजन लावला, पाणी लघवीवाटे काढायची इंजेक्शनं सुरू केली, दूध नाकातल्या नळीने. बिरूही निरोप मिळताच येऊन पोचला होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "आज आणलंत ते बरं केलंत. आणखी उशीर झाला असता तर ऑपरेशनपर्यंत पोचला नसता." हे आजींनी ऐकलं.

मी बाहेर आले तर आजी भिंतीला टेकून खाली बसलेल्या. सांगोल्यापासून त्यांनी त्याला उभं धरून आणलं होतं. आता मांडी रिकामी होती आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

"आमीच त्येला रडू दिला न्हाय बाई. म्या माज्या हातानं लेकराचं तोंड दाबलं म्हना की."

"काहीतरीच बोलू नका. तुम्ही जिवापाड जपलंत. जपणारं माणूस असलं की बाकीचं आम्ही शिकवतो. जपायला मात्र शिकवता येत नाही."

त्यांनी माझा हात धरला. मीही सोडवून घेतला नाही.

शिवा सावरला, पण हळूहळू. श्वास हलका झाला, ऑक्सिजन निघाला. तरी तो गप्पच. आजी काचेतून बघत उभ्या राहायच्या आणि येईल त्याला विचारायच्या, "रडला का?" जी बाई त्याच्या ओठाच्या वाकडेपणाला धावायची, ती आता रडण्यासाठी नवस बोलत होती.

एका सकाळी नळीच्या दुधाची वेळ होत आली होती. सारिका आणि आजी दोघी आत होत्या. शिवाने मूठ तोंडात घातली. चोखून बघितली. त्यात काही नाही हे लक्षात आल्यावर तोंड वाकडं केलं. पहिला आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. मग दुसरा. मग त्याने असा काही सूर लावला की पलीकडची सिस्टर बघायला आली. आजी झेपावल्याच. मी आडवा हात घातला.

"थांबा. ऐका जरा."

"भूक लागली व्हय गं त्येला?"

"हो. मागतोय तो."

आजी पदराचा बोळा तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण उचललं नाही. सारिकाने छातीशी घेतला. तो प्यायला, थांबला, परत प्यायला. कपाळ कोरडं होतं. मी तेवढंच बघत होते, आणि खरं सांगू, मलाही नीट दिसत नव्हतं.

पुढचं सरळ झालं. वजन वाढायला लागलं. वस्तीची राखण चालूच राहिली, फक्त नियम बदलला. शिवाने मागितल्यावर द्यायचं, आणि मागितलं नाही तर मला फोन करायचा. पुण्याला ऑपरेशन झालं, छिद्र बंद झालं.

नंतर एकदा तपासणीला आले तेव्हा शिवा चांगला गुबगुबीत झाला होता आणि माझं ओळखपत्र ओढायला बघत होता. त्याच दिवशी ओपीडीत एक नवी आई बसली होती. तिच्या बाळाला असंच छिद्र निघालेलं. पोरगी नुसती रडत होती. डॉक्टर तिला काय काय सांगत होते, तिच्या कानात काही शिरत नव्हतं. आजी शिवाला काखेला मारून उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो बग. ह्येच्या बी काळजाला व्हतं." त्यांनी शिवाचा शर्ट वर करून टाक्यांची रेघ दाखवली. "रडाय लागलं की जवळ घे. लई रडू देऊ नगं. पर रडायचं थांबलं ना, तर मातर पळ."

डॉक्टर पेन धरून ऐकत बसले. आता डिस्चार्जच्या वेळी ते हेच सांगतात. मी मागून परत एकदा सांगते, मोठ्याने.