आमच्या कंपनीतला एकुलता पुरुष

आमच्या नाटक कंपनीत पुरुष एकच होता, आणि तो म्हणजे एसटीतली एक बाई कंडक्टर. सासरा, सरपंच, पिणारा नवरा, तालुक्याचा साहेब, ज्याला म्हणून मिशी असेल तो तिच्या वाट्याला. तालमीत आम्ही तिला दादा म्हणायला लागलो आणि मग ते नाव तालमीबाहेरही चिकटलं. सुरतेहून तिच्या मुलीचा फोन आला की आमच्यापैकी कुणीतरी उचलून सांगायचं, दादा चहा पी ऱ्हायना, म्हणजे पितोय. त्या पोरीलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

कंपनी म्हणजे आम्ही चौघी. मी उपकेंद्रातली नर्स. सिकलसेलची माहिती गावोगाव पोचवायला एक नाटुकलं बसवा असं वरून सांगितलं, तेव्हा मी दिसेल त्या बाईला धरून आणलं. नाटुकलं अगदी सुमार होतं. पण लोक हसले, दोन-चार बाया रडल्या, आणि आम्हाला चटक लागली. वरून सांगणं थांबलं तरी आम्ही थांबलो नाही. दुसरी शहाद्याजवळच्या एका गुजर घरातली सून. तिच्या घरच्या केळीच्या गोडाऊनमध्ये आमच्या तालमी व्हायच्या. तिसरी सगळ्यात लहान, काठीकडच्या डोंगरातली, एका वसतिगृहाची अधीक्षिका. वर सातपुड्यात प्रयोग असला की तिची पावरी बोली कामाला येई, आणि होळीच्या दिवसांत ती आमच्या हाती लागत नसे. चौथी दादा. तिची ड्यूटी बघूनच तालीम ठरायची, कारण बाकी कुणाची सुट्टी मागून मिळते, शहादा-धडगावची गाडी मात्र कुणासाठी थांबत नाही.

पुरुष एकही नाही, यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. सुनेच्या सासूने गोडाऊनची किल्ली देताना एकच अट घातली होती. "नाटक करा, मन्ही ना नही. पन गडीमानूस आठे नको." म्हातारीचा शब्द आम्ही मानला. मग मिशी कुणाला लावायची हा प्रश्न आला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम कंडक्टरकडे पाहिलं. उंच बाई, रुंद खांदे, गच्च भरलेल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज. तिने मान डोलावली आणि विषय संपला. तेव्हा आम्ही पस्तिशीच्या आत-बाहेर होतो. आता मला चष्म्याशिवाय सलाईनची सुई दिसत नाही.

दादाच्या प्रवेशाची एक पद्धत होती. आमच्याकडे घरातला मोठा माणूस ओट्यावर आला की आत येण्याआधी खाकरतो. ते खाकरणं ऐकलं की आतल्या सुना हातातलं काम न सोडता डोक्यावर पदर घेतात आणि बाजूला सरकतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. दादाने हे जसंच्या तसं नाटकात आणलं. पडद्यामागून ती खाकरायची, आम्ही पदर घ्यायचो, आणि समोर बसलेल्या चार म्हाताऱ्यांचे हातही आपोआप डोक्याकडे जायचे. प्रयोग अमळनेरला असो की खापरच्या बाजारात, हे ठरलेलं. इतकं अंगवळणी पडलं की एकदा एसटी स्टँडवर ती माझ्या मागे येऊन खाकरली, तर मी युनिफॉर्मच्या साडीचा पदर डोक्यावर घेतला. त्यावरून तिने मला महिनाभर छळलं.

तिला मिशी मी लावायचे. मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका प्रयोगाआधी तिची हनुवटी वर करून डिंक लावत होते, तेव्हा गळ्याच्या एका बाजूला गाठ दिसली. बोट ठेवलं, तिला गिळायला सांगितलं, गाठ वर-खाली झाली. मी मिशी सरळ केली आणि प्रयोग होऊ दिला. दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गाठ काढावीच लागेल. ती आवाजाच्या नसेला चिकटलेली दिसते, त्यामुळे नंतर आवाज राहील की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. दोंडाईचा मागे पडलं तरी बाहेरच बघत होती. मला वाटलं घाबरलीय, आणि धीराचे जे चार शब्द आम्ही नर्सा सगळ्यांना देतो तेच मी तिलाही दिले. तिने ते बाजूला सारले. म्हणाली, "जवलगून मन्हा आवाज शे, तवलगून एकदाव माले बाईनं काम द्या."

खरं सांगते, मला ते पटकन कळलंच नाही. मग तिने समजावलं. दिवसभर खाकी घालायची, गाडीत पिणाऱ्यांना खाली उतरवायचं, पासावरून भांडणाऱ्या पोरांना गप्प करायचं, आणि संध्याकाळी धोतर नेसून पुन्हा कुणावर तरी ओरडायचं. इतकी वर्षं तिचा आवाज फक्त दरडावायला वापरला गेला. तो जाणार असेल तर एकदा तरी बाई म्हणून, आई म्हणून बोलून बघायचंय. मुलीच्या लग्नातसुद्धा ती व्याह्यांशी पुरुषासारखी बोलली होती, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

आमच्याकडे एक जुना तुकडा होता. लेक सासरी त्रासात आहे आणि आई तिला न्यायला येते. लेक गुजर सून करायची, सासू मी. आईचं काम काठीची पोर करायची आणि दादा सासरा. आता पोरीने स्वतःहून आईचं काम सोडलं आणि आम्ही सासराच काढून टाकला. तालमीत दादाची फार पंचाईत झाली. खाली बसली की मांडी ऐसपैस. बोलता बोलता हात मिशीवर जाई, तिथे मिशी नसे, मग ती नाक खाजवल्यासारखं करी. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा तर पाठीवर थाप बसायची. सून कळवळून म्हणायची, दादा, मी तुमची लेक आहे, बैल नाही. आम्ही हसायचो, तीही हसायची, आणि पुन्हा पहिल्यापासून करायची. हळूहळू तिचा आवाज खाली आला. त्या आवाजात एक मऊपणा होता, जो मी कधी ऐकला नव्हता. तो आवाज महिन्याभराने कापला जाणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे कधी कधी मी माझं वाक्यच विसरून जायचे.

प्रयोग तापीकाठच्या एका गावी, शाळेच्या पटांगणात, ऊन कलल्यावर. समोर सगळ्या बाया, कापूस वेचून आलेल्या. गोडाऊनमधल्या तालमीत पडदा नव्हता, दादा तिथे सरळ समोरून चालत यायची. इथे पोरीने दोन बांबूंना चादर बांधून आडोसा केला होता. मी आणि सून तांदूळ निवडत बसलो होतो. आईची येण्याची वेळ झाली. दादा चादरीमागे उभी राहिली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने खाकरली.

आणि आम्ही दोघींनी पदर घेतला.

हात डोक्यावर पोचला तेव्हा कळलं काय झालंय, पण तोवर पदर कपाळापर्यंत आला होता आणि आम्ही बाजूलाही सरकलो होतो. समोरच्या निम्म्या बायांनीही पदर घेतले होते. चादर बाजूला झाली आणि हिरव्या लुगड्यात दादा आत आली. आयुष्यात एकदा बाई म्हणून आली आणि आम्ही तिला सासऱ्याचा मान दिला. मला रडू यायला लागलं होतं. ती तिथेच थबकली. आमच्याकडे पाहिलं, समोरच्या बायांकडे पाहिलं. मग वळून मागे चादरीकडे पाहिलं, जणू तिच्या पाठोपाठ कुणी येतंय. घाईने स्वतःच्या डोक्यावर पदर ओढला आणि येऊन आमच्या शेजारी अंग चोरून उभी राहिली.

आम्ही तिघी त्या चादरीकडे बघत राहिलो. पटांगणातल्या सगळ्या बायाही बघत राहिल्या. कुणी आलं नाही. वाऱ्याने चादर हलली तेवढीच.

"कोन उनं व?" तिने लेकीला हळूच विचारलं.

"कोनीच नही," सून म्हणाली. हे आमच्या तुकड्यात कुठेच नव्हतं.

"मंग पदर काबर लिधा?"

समोर कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोक्यावरचा पदर हातात धरून पाहिला आणि परत तसाच ठेवला. मग दादाने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, थाप न मारता, आणि तिचं खरं वाक्य बोलली. नाटक पुढे नीट पार पडलं. ती आईसारखी बोलली, आईसारखी भांडली, आणि मी कितीतरी दिवसांनी कामात बाकीचं सगळं विसरले.

संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे अगदीच गेला नाही. दम लागलेला माणूस कानात सांगतो तेवढा राहिला. समोर बसलेल्याला कळतो, पलीकडच्याला नाही. गाडीवर आता ती चालणार नव्हती, डेपोत तिला टेबलावर बसवलं. तिने धोतर, टोपी आणि मिशीची डबी एका पिशवीत घालून माझ्या घरी आणून दिली. मी ती परत करायचा प्रयत्न केला. तिने मान हलवली.

पुरुष कोण करणार, यावर आमची बरीच चर्चा झाली. काठीच्या पोरीने खाकरून पाहिलं, ते घशात माशी गेल्यासारखं वाटलं. सुनेच्या सासूबाईंनी, आता फार थकल्यात त्या, तरी अट थोडी सैल करायची तयारी दाखवली. पण आमचं एकमत झालं. मिशी कुणीच लावायची नाही. कुणी खाकरायचंही नाही. पुरुष आला की आम्ही पदर घ्यायचा, चादरीकडे बघायचं, आणि बायांना कळतंच कोण आलंय ते. दादाने हे सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आईचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

मी विरोध केला. ऐकू कोणाला येणार, हे मी तिला तोंडावर विचारलं. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या त्या बघण्यापुढे कधीच काही चालवता आलेलं नाही.

त्यानंतरचा पहिला प्रयोग तिच्याच गाडीच्या रस्त्यावरच्या एका गावात होता. समोरच्या बायांनी कित्येक वर्षं तिच्याकडून तिकिटं घेतली होती. डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं घेऊन तिच्या आवाजावर चढल्या-उतरल्या होत्या. ती आत आली तेव्हा त्यांनी ओळखलं आणि कुजबूज झाली. मी सासूच्या तोऱ्यात विचारलं, "कशाले उन्यात, विहीनबाई?"

तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं, मी हातभर अंतरावर होते. दुसऱ्या रांगेपासून मागे सगळे चेहरे कोरे. वाटलं, मीच आता तिचं वाक्य मोठ्याने म्हणून टाकावं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या बाईने पुढचीला कोपराने ढोसलं. "काय म्हननी?"

"पोरले लेवाले उनी म्हने."

विचारणारी मागे वळली आणि आई पोरीला न्यायला आलीय हे तिने तिच्या मागचीला सांगितलं. मग त्या मागचीने तिच्या मागचीला. पोरले लेवाले उनी. पोरले लेवाले उनी. दादा स्टेजवर उभी राहून आपलं वाक्य एकेका रांगेने मागे जाताना बघत होती. आम्ही कुणी हललो नाही. शेवटच्या रांगेत, कडुलिंबाखाली, एक म्हातारी कानामागे हात धरून बसली होती. तिला शेजारणीने दोनदा सांगितलं. मग ती तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग लई जाय ना माय."

सासू म्हणून माझं पुढचं वाक्य नकाराचं होतं, लेकीला नेता येणार नाही असं. ते मला म्हणता आलं नाही. मी बाजूला झाले आणि दादाने लेकीचा हात धरला.