बंदुकीचा वेग आणि माझा हात

माझा नेम चुकायला लागला तेव्हा मी छातीठोकपणे जाहीर केलं, बंदूक बिघडलीय! रविवारी जिल्ह्याची एअर रायफल स्पर्धा, ज्येष्ठांच्या गटात माझं नाव, आणि कागदावरची भोकं भलतीकडंच. सात रस्ता चौकापाशी आमचा क्लब. तिथले मित्र म्हणाले, "क्रोनोग्राफ घे. छर्रा किती वेगानं सुटतो ते कळतं. वेग खालीवर झाला तर बंदुकीत दोष."

दोन प्रकार मिळत होते. एकाला ऊन लागतं, आणि आमचा सराव घरात, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. म्हणून नळीच्या तोंडाला बसणारा, स्वतःचा उजेड असलेला मागवला. तो आला नेमका दसऱ्याच्या सकाळी. बायकोनं बंदूक, स्कूटर, मिक्सर यांच्या रांगेत त्यालाही मांडलं.

पूजा आटोपल्यावर मी दहा छर्रे मारले. आकडे एकशे बहात्तर, चौऱ्याण्णव, तीनशे दहा, मधेच नुसती रेघ. अरे वा! मी आनंदानं ओरडलोच. क्लबातल्या चौघांना फोन केले, बंदूक दुरुस्त करणाऱ्याला तर चांगलं फैलावर घेतलं. तो गरीब बिचारा म्हणाला, "साहेब, त्या क्रोनोग्राफच्या आतली भिंगं पुसून बघा की."

डोकावलो तर दोन्ही भिंगांवर ओलं हळदकुंकू!

"अगं, हे काय?"

"त्याला कपाळ कुटं हाय? डोळे दिसले, तितं लावलं," बायको म्हणाली.

मी तणतणत कापसानं पुसलं. पुन्हा दहा छर्रे. एकशे एकाहत्तर, एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर... दहाही तसेच. आणि कागदावर भोकं पुन्हा चहूकडं.

म्हणजे बंदूक ठणठणीत होती.

बायकोनं माझा डावा हात धरला. "कधीपासून थरथरतोय?"

"उन्हाळ्यापासून." हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. लई भीती वाटली.

"रविवारी जावा खुशाल. सोमवारी डॉक्टरकडं जायचं. आणि हरलात तर बंदुकीला नावं ठेवायची न्हाईत."

रविवारी मी शेवटून दुसरा आलो. कुणीतरी विचारलं, "काय, बंदुकीनं दगा दिला का?"

"न्हाय," मी म्हणालो, "बंदूक चांगली हाय."