परक्या खांद्यांवरून आलेलं पाणी

परवाना परीक्षेचा तिसरा निकाल लागला तेव्हा मी रडले नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. किर्गिझस्तानात शिकून मी डॉक्टरकीची पदवी आणली होती. परदेशातून शिकून आलेल्यांना इथली परीक्षा पास झाल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही. हा नियम मला पहिल्यापासून मान्य होता. नियम चुकवणाऱ्यांचाच मला संताप यायचा. एका तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यातून मला फोन आला होता, की परीक्षेचं सोडा, रात्रपाळीला बसा, सही आमचे डॉक्टर करतील. त्या माणसाला मी जे सुनावलं ते ऐकून आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली होती. पण फोन ठेवल्यावर राग ओसरला आणि खोलीत मी एकटीच उरले. तत्त्वाला जागलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी उठून काहीतरी करायचं असतं. मला पुस्तक उघडावंसं वाटेना. चौथ्या परीक्षेच्या अर्जाची मुदत कोजागरीनंतर लगेच संपत होती, आणि तो भरायचा की डॉक्टर होणंच सोडून द्यायचं, हे ठरत नव्हतं.

आमचं घर नाशिक रोडला. बाबा प्रेसमध्ये कामगार होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे ‘निषेध’ हा शब्द मला ‘नमस्कार’च्या आधी वाचता आला, असं बाबा अजून कौतुकाने सांगतात. घरात देव्हारा नव्हता. आई देवळा गावची, तिच्या माहेरचं कुलदैवत सप्तशृंगी. तिने देवीचा फोटो मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला होता. दिवसातून दहादा ते कपाट उघडायचं, आणि बाबांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. आमच्या घरात धर्मस्वातंत्र्य होतं ते एवढंच.

कोजागरीला गडावर देवीला नद्यांच्या पाण्याने स्नान घालतात. ते पाणी लोक कावडीने चालत नेतात. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना पाण्याचे कलश. पाणी भरल्यापासून गडावर पोचेपर्यंत कावड जमिनीला टेकवायची नाही, एवढा एक नियम. मुक्कामाला ती आडव्या बांबूला टांगतात, चालताना थकलं तर दुसरा खांदा देतो. त्या वर्षी आईने रामकुंडाचं पाणी न्यायचं देवीला बोलून ठेवलं होतं. का, ते तिने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. पण नवरात्रातच तिचा गुडघा सुजला. जिना उतरवेना. मी म्हटलं, मी नेते. आई म्हणाली, तू मानत नाहीस, तू कशाला ओझं वाहतेस. मी म्हटलं, शब्द आपल्या घरातून गेला आहे, तो पाळला पाहिजे. हे मी खरंच तत्त्व म्हणून बोलले. मात्र मनात आणखी एक गोष्ट ठरवली आणि ती कुणालाच सांगितली नाही. कावड मी कुणाच्याही खांद्यावर न देता एकटीने गडावर नेली, तर अर्ज भरायचा. मध्येच द्यावी लागली, तर समजायचं की माझ्याच्याने होत नाही. देव न मानणाऱ्या मुलीने अशी अट कुणाला घातली होती, हे तेव्हा मला सुचलंच नाही.

रामकुंडावर कलश भरून कॉलनीतल्या लोकांबरोबर मी निघाले. पुढारी होते शिंदेकाका, बाबांच्याच खात्यातून निवृत्त झालेले. पंचवटीतल्या गल्ल्यांतून बाहेर पडलो. काका म्हणाले, “तुझ्या बापाने आमच्या मंडळाच्या वर्गणीविरुद्ध पत्रक काढलं होतं. अजून ठेवलंय मी. आणि तू कावड घेऊन निघालीस.” मी म्हटलं, पत्रकातलं शुद्धलेखन मीच तपासलं होतं. त्यावर काका इतके हसले की त्यांच्या कलशातलं पाणी हिंदकळलं.

दिंडोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा होत्या. उघड्या काड्यांच्या रांगाच रांगा, कुठे सावली नाही. माझा उजवा खांदा सोलवटला, मग डावा. लोक येऊन विचारायचे, देतेस का थोडा वेळ. मी नको म्हणायचे. अभ्यासही मी असाच केला होता. बरोबरची मुलं एकत्र बसून प्रश्न सोडवायची, मी खोलीची कडी लावून बसायचे. कुणाची मदत घेऊन पास होणं मला कमीपणाचं वाटायचं.

वणी सोडून नांदुरीच्या दिशेने निघालो, तेव्हा सकाळचं ऊन चढायला लागलं होतं. पुढे रस्त्यात गर्दी दिसली. एक पन्नाशीची बाई मधोमध बसून डोलत होती. कुणी हात धरला तर झिडकारत होती, तोंडाने अर्धवट काहीतरी बोलत होती. “आई आली, आई आली,” असं कुणीतरी म्हणालं आणि कुंकवाचा करंडा पुढे आला. लोक पाया पडायला लागले. एका फेटेवाल्याने तिच्यासमोर गुडघे टेकून विचारलं, “आई, माझ्या पोरीचं लगीन कधी जमंल?” बाईची सून शेजारी उभी होती, घाबरून तिने हात जोडले होते.

मला दिसलं ते वेगळं होतं. त्या बाईचं अंग घामाने निथळत होतं आणि बोटं थरथरत होती. नजर कुठेच ठरत नव्हती. मी सुनेला विचारलं, यांना साखरेचा आजार आहे का. ती म्हणाली, “हाय ना. सकाळी गोळी घेतली त्यांनी. पण उपास हाय, पोटात काय नाय.” म्हणजे रक्तातली साखर उतरत चालली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर बाई शुद्ध हरपून पडल्या असत्या.

मी दोन पावलं पुढे टाकली आणि थांबले. खांद्यावर कावड होती. खाली ठेवली तर आईचा शब्द मोडतो. कुणाला दिली तर माझी अट मोडते. हे सगळं लिहायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. पण तेवढा वेळ मी कावड सावरत उभी होते आणि समोर एक माणूस बुडत होता, हे मला आजही विसरता येत नाही.

मागून कुणीतरी बांबूखाली हात घातला. हिरवा गमछा गुंडाळलेला एक माणूस होता, मालेगाव-सटाण्याकडचा असावा. त्याने मला काही विचारलं नाही. “दे माले,” तो म्हणाला. “तू जाय, माय. मी शे ना.” वजन माझ्या खांद्यावरून उतरलं. मी वळून त्याचं तोंड नीट पाहिलंसुद्धा नाही.

गर्दीत शिरले तेव्हा माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. अंगात येणं वगैरे काही नसतं, बाजूला व्हा, ही बाई आजारी आहे. लहानपणापासून मी हेच वाचलं आहे आणि ते मला आजही खरं वाटतं. पण तेव्हा ते बोलले असते तर वाद पेटला असता, आणि वाद ऐकायला त्या बाईंकडे वेळ नव्हता. मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं: “आईला भूक लागलीय. आधी गोड द्या, मग विचारा.”

हे वाक्य कुठून आलं, मला माहीत नाही. मी ते जुळवलं नव्हतं. एकदम चारी बाजूंनी हात पुढे आले. पेढे, गूळ, खडीसाखर. फेटेवाल्याने आपल्या तांब्यात गूळ कालवून दिला. बाईंना अजून गिळता येत होतं. मी त्यांना टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजलं, मध्ये थांबून, ठसका लागू न देता. साखर द्यायला परवाना लागत नाही. आईबापाच्या मायेने कुणीही देऊ शकतं. हळूहळू थरथर थांबली. बाईंनी आजूबाजूला पाहिलं, कपाळावरचं कुंकू पुसलं आणि विचारलं, “माझी चप्पल कुठंय?”

लोक जरा हिरमुसले, मग हसले. फेटेवाल्याने उरलेला पेढा प्रसाद म्हणून डोळ्यांना लावून खाल्ला.

त्या गोळीने साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून मी सासूसुनेला जीपमध्ये बसवून वणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही डॉक्टर का. मी म्हटलं, “नाही. अजून नाही.” तीन निकालांनंतर मी पहिल्यांदाच ‘अजून’ म्हणाले होते.

परत त्या जागी आले तर रस्ता मोकळा. गमछावाला नाही, कावड नाही, आमची माणसं पुढे गेलेली. नांदुरीत प्रत्येक मांडवात विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. घाट चढायला लागले तेव्हा दोन्ही खांदे रिकामे होते आणि इतके जड मला ते कधीच लागले नव्हते. आईचं पाणी गेलं होतं. अटही मोडली होती. आता काही उरलं नाही, असं वाटलं, आणि मग एका वळणावर कठड्याला टेकून मी रडले. निकालाचं रडू तिथे आलं. वर कड्यात देवी, खाली आलेला सगळा रस्ता. मी हात जोडले नाहीत. एवढंच म्हटलं, मला हे एकटीला झेपत नाही. कुणाला म्हटलं, ते विचारू नका.

गडावर पायऱ्यांशी कावडींची रांग लागली होती. त्या रांगेत मला आमची कावड दिसली. आईने बांबूला बांधलेला मोरपंखी खण लांबूनच ओळखू आला. ती गमछावाल्याकडे नव्हती. कधी न पाहिलेल्या एका नऊवारीतल्या बाईच्या खांद्यावर होती. मी धापा टाकत विचारलं, ही तुम्हाला कुणी दिली. तिला घाटात एका पोलिसाच्या बायकोने दिली होती. पोलिसाच्या बायकोला नांदुरीजवळ दोघा भावांनी. त्यांच्या आधी कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. “निरोप एवढाच हाय,” ती म्हणाली, “का एक पोरगी वाटेत आईच्या सेवेला थांबली, तिचं पाणी हाय. खाली टेकवू नका.” तिने कावड माझ्या खांद्यावर ठेवली. कलश तोंडापर्यंत भरलेले होते.

शेवटच्या पायऱ्या मी चढले. पाणी पोचलं. गमछावाल्याला मी संध्याकाळभर शोधलं, तो सापडला नाही. तो कोण होता याबद्दल मी काही सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. एक साधा माणूस होता, असंच मी धरून चालते. त्याने कृपा कमी होत नाही.

घरी आल्यावर आईने खण हातात घेतला आणि मसाल्याच्या कपाटात ठेवला. बाबांनी सगळं ऐकलं आणि मुद्द्यावर बोट ठेवलं. “तू लोकांना खरं का सांगितलं नाहीस?” मी म्हटलं, खरंच सांगितलं, तिला भूक लागली होती. बाबा म्हणाले, अर्ज भर.

भरला. पंचवटीतल्या अभ्यासिकेत जाऊन बसले, आणि ज्यांच्यासोबत कधी बसले नव्हते त्या मुलांना म्हटलं, मला औषधशास्त्र जमत नाही, शिकवाल का. हे म्हणणं घाटापेक्षा अवघड होतं. परीक्षेत साखर उतरण्यावर एकही प्रश्न आला नाही. मी पास झाले, जेमतेम. आता सरकारी रुग्णालयात डॉक्टरकीची उमेदवारी करते आहे.

या कोजागरीला मी पुन्हा गेले, कावड न घेता. बाबाही आले. पिशवीत ग्लुकोजचे पुडे भरून चालत होते आणि शिंदेकाकांना सांगत होते, मी देवीसाठी नाही, साखरेसाठी आलोय. काका म्हणाले, तेच तर म्हणतो आम्ही. बाबांनी वाद घातला नाही. नांदुरीच्या अलीकडे एक म्हातारबाबा कावड घेऊन एका पायावर उभे होते, दुसऱ्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला. कुणाला सांगावं की नाही, या विचारात दिसत होते. ते उभं राहणं मला ओळखीचं होतं.

मी बांबूखाली खांदा घातला. ते नको नको म्हणत होते. पाणी कोणत्या नदीचं, कुणाच्या नवसाचं, मी विचारलं नाही. वजन खांद्यावर आलं आणि मी चालायला लागले.